चर्चच्या वहीतलं एक आडनाव

वसईच्या एका मित्राबरोबर मी त्याच्या गावच्या चर्चमध्ये गेलो होतो. त्याला बाप्तिस्म्याचा दाखला हवा होता आणि मला नुसती सोबत करायची होती. फादरांनी लोखंडी कपाट उघडलं, एक जाडजूड वही काढली आणि बोटाला पाणी लावून पानं उलटायला सुरुवात केली. तारीख, मुलाचं नाव, आईबापांची नावं, धर्मपित्याचं नाव, पाद्र्याची सही. एकाखाली एक, शेकडो माणसं त्या रकान्यांत बसली होती. मित्राचं आडनाव सापडलं. मग हौसेनं त्याच्या वडिलांचं शोधलं, आजोबांचं शोधलं. तेच पोर्तुगीज आडनाव. आणि त्याच्या आधी काय होतं, असं मी विचारलं तेव्हा फादर नुसते हसले. पोर्तुगीजांनी वसई घेतली १५३४ मध्ये आणि चिमाजी अप्पांनी ती जिंकली १७३९ मध्ये. मधल्या दोनशे वर्षांत इथे आणि गोव्यात ज्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांना बहुधा धर्मपित्याचं किंवा पाद्र्याचं आडनाव मिळालं. त्याआधीचं नाव वहीबाहेर राहिलं.

परत येताना मित्र गप्प होता. आपलं म्हणून आयुष्यभर मिरवलेलं नाव मुळात कुणा परक्या माणसाचं, ही जाणीव त्याला बोचली असावी. त्याची समजूत काढायची म्हणून मी त्याला एका माणसाची गोष्ट सांगितली. तो माणूस आपल्या देशातला नाही. पण चर्चच्या वह्यांतून आडनावाचा माग काढायचा, तर त्याच्याइतकी सुरस हकिगत दुसरीकडे क्वचितच सापडेल. फिलिपिन्सचे राष्ट्रपुरुष डॉक्टर होसे रिझाल यांची ती हकिगत.

रविवारी मिळालेलं नाव

फिलिपिन्सवर स्पेनचं राज्य १५६५ पासून १८९८ पर्यंत, म्हणजे तीनशे तेहतीस वर्षं होतं. देशाचं नावसुद्धा स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्यावरून पडलेलं. तिथे सरकारचा अधिकारी गावात क्वचित दिसे, पण पाद्री कायम असे. जन्म, लग्न आणि मरण यांची नोंद तोच ठेवी. त्यामुळे तिथल्या कुठल्याही घराण्याचा इतिहास शोधायचा तर वाट चर्चमधून जाते. रिझाल यांच्या मृत्यूनंतर ऑस्टिन क्रेग नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं हीच वाट धरली. मनिला आणि आसपासच्या चर्चमधल्या जुन्या नोंदी चाळून त्यानं रिझाल घराण्याची वंशावळ जुळवली आणि १९१३ मध्ये त्यांचं चरित्र प्रसिद्ध केलं.

त्या वंशावळीच्या मुळाशी एक चिनी माणूस निघाला. त्याचं नाव लाम-को. चीनच्या फुकियन प्रांतातून तो नशीब काढायला मनिलाला आला होता. १६९७ च्या जून महिन्यात, एका रविवारी, मनिलाच्या चिनी वस्तीतल्या चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. तेव्हा तो पस्तीस वर्षांचा होता. रविवारला स्पॅनिश भाषेत दोमिंगो म्हणतात, म्हणून त्याचं नाव पडलं दोमिंगो लाम-को. आपल्याकडे सोमवारी जन्मला म्हणून सोमा, बुधवारी जन्मला म्हणून बुध्या अशी नावं ठेवत, त्यातलाच हा प्रकार!

दोमिंगोनं इनेस दे ला रोसा या चिनी व्यापाऱ्याच्या मुलीशी लग्न केलं आणि लगुना प्रांतातल्या बिन्यान गावी बिऱ्हाड थाटलं. तिथली जमीन दोमिनिकन पंथाच्या पाद्र्यांच्या मालकीची होती. दोमिंगो त्यांचं कूळ झाला. पण चिनी नाव लावणं तेव्हा सुखाचं नव्हतं. चिनी माणसाला कर जास्त, संशय जास्त आणि अधूनमधून हद्दपारीची धास्ती. म्हणून १७३१ मध्ये घराण्यानं मेर्कादो हे आडनाव घेतलं. मेर्कादो म्हणजे बाजार. व्यापाऱ्याच्या कुळाला ते शोभणारं होतं. हे नाव घराण्यानं स्वतः निवडलं होतं, ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढच्या पिढ्या मेर्कादो या नावानं वाढल्या. दोमिंगोचा मुलगा आणि नातू दोघेही बिन्यानचे गावप्रमुख झाले. नातवाच्या तेरा मुलांपैकी फ्रान्सिस्को १८१८ मध्ये जन्मला आणि मोठेपणी जवळच्या कलांबा गावी राहायला गेला. तेच होसे रिझाल यांचे वडील.

आडनावांची यादी

मेर्कादो घराण्याला आडनाव होतं, पण देशातल्या लाखो लोकांना ते नव्हतं. ज्यांना होतं त्यांच्यातही गोंधळ होता. बाप्तिस्म्याच्या वेळी भक्तिभावानं दे ला क्रूस म्हणजे क्रुसाचा, दे लोस सांतोस म्हणजे संतांचा, अशी नावं लावली जात. गावात शंभर दे ला क्रूस असत आणि त्यांचं एकमेकांशी नातंगोतं काही नसे. एकाच घरातल्या सख्ख्या भावांची आडनावं वेगळी असत. कर वसूल करणारा बुचकळ्यात पडे आणि लग्न लावणाऱ्या पाद्र्याला वधूवरांचं नातं जुळवता येत नसे.

नार्सिसो क्लाव्हेरिया हे तेव्हा फिलिपिन्सचे गव्हर्नर जनरल होते. मोठे शिस्तीचे गृहस्थ. फिलिपिन्सला स्पॅनिश लोक मेक्सिकोच्या बाजूनं आले होते, त्यामुळे तिथली तारीख शेजारच्या आशियाई देशांपेक्षा एक दिवस मागे होती. क्लाव्हेरियांनी फर्मान काढून ३१ डिसेंबर १८४४ हा दिवसच गाळून टाकला. सोमवार ३० डिसेंबरला झोपलेली प्रजा बुधवारी १ जानेवारीला उठली! ज्यानं पंचांग सरळ केलं, त्यानं मग माणसांची नावं सरळ करायला घेतली.

२१ नोव्हेंबर १८४९ रोजी त्यांचं दुसरं फर्मान निघालं. आडनावांची एक अकारविल्हे छापील यादी तयार झाली होती. तिच्यात सुमारे साठ हजार शब्द होते. स्पॅनिश आडनावं होतीच, शिवाय झाडांची, दगडांची, गावांची, धंद्यांची नावं होती, स्थानिक भाषांतलेही शब्द होते. यादीची पानं प्रांताप्रांतांत वाटली गेली आणि गावागावांतल्या पाद्र्यांनी ती कुटुंबप्रमुखांपुढे ठेवली. घरातल्या मोठ्या माणसानं एक नाव निवडायचं आणि ते त्याच्या मुलानातवंडांना कायमचं चिकटायचं. पुढे सरकारदरबारी, शाळेत, चर्चमध्ये तेच चालायचं. काही ठिकाणी अख्ख्या गावाच्या वाट्याला एकाच अक्षराची पानं आली. अल्बाय प्रांतातल्या ओआस गावच्या जुन्या घराण्यांची आडनावं र या अक्षरानं सुरू होतात, ती त्यामुळेच.

कलांबाच्या फ्रान्सिस्को मेर्कादो यांनाही नवं नाव घ्यावं लागलं. ते त्यांना ओळखीच्या एका प्रांताधिकाऱ्यानं दिलं, असं त्यांच्या मुलानं पुढे लिहून ठेवलं आहे. ते नाव रिझाल. स्पॅनिशमधल्या रिसियाल या शब्दावरून ते आलं, असं चरित्रकार सांगतात. हिरवं कापून नेल्यावर पुन्हा फुटणारं पीक किंवा तसं रान, असा त्याचा अर्थ. फ्रान्सिस्को ऊस आणि भात पिकवत. आपल्याकडचा उसाचा शेतकरी या शब्दाला लगेच ओळखेल. तोडून नेलेल्या उसाच्या बुडख्यातून जे दुसऱ्यांदा उगवतं, त्याला आपण खोडवा म्हणतो. हे नाव पुढे किती खरं ठरणार होतं, ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

व्यवहारात मात्र बाजारपेठ त्यांना मेर्कादो म्हणूनच ओळखत होती. तेव्हा कागदावर रिझाल मेर्कादो अशी तडजोड झाली आणि घरात व गावात मेर्कादोच चालू राहिलं. फ्रान्सिस्कोंच्या पत्नी तेओदोरा आलोन्सो यांच्या माहेरीही रेआलोंदा हे नवं नाव आलं होतं. त्याही ते फारसं लावत नसत.

जळालेली वही

या दांपत्याला अकरा मुलं झाली. सातवा होसे. त्याचा जन्म १९ जून १८६१ चा आणि बाप्तिस्मा २२ जूनचा. कलांबाच्या चर्चमध्ये त्याची नोंद झाली, पण ती मूळ वही आज नाही. २८ सप्टेंबर १८६२ रोजी चर्चची दप्तरं आगीत जळाली. मग लोकांच्या शपथेवरच्या साक्षी घेऊन वह्या नव्यानं लिहिल्या गेल्या आणि त्यात या मुलाचं नाव लागलं होसे रिझाल मेर्कादो. म्हणजे ज्या पानावरून देशाच्या महापुरुषाचं नाव सिद्ध होतं, ते पान गावकऱ्यांच्या आठवणीतून उभं राहिलेलं आहे. तो दाखला लिहून देणारे लेओन्सिओ लोपेस हे कलांबाचे देशी पाद्री. मेर्कादो कुटुंबाशी त्यांचा घरोबा होता.

तेओदोरा वाचणाऱ्या, लिहिणाऱ्या होत्या. होसेची पहिली शाळा आईच्या मांडीवर भरली. पण तो दहा वर्षांचा असताना घरावर संकट आलं. भावाच्या बायकोला विष घालण्याचा प्रयत्न केल्याचा आळ तेओदोरांवर आला आणि या घरंदाज बाईला कलांबापासून सांता क्रूस या प्रांताच्या ठाण्यापर्यंत पायी चालवत नेण्यात आलं. त्या अडीच वर्षं तुरुंगात राहिल्या आणि शेवटी निर्दोष सुटल्या.

त्याच सुमारास, जानेवारी १८७२ मध्ये, कावितेच्या शस्त्रागारात सैनिकांचं बंड झालं. बंड दोन दिवसांत मोडलं, पण सरकारनं त्यात तीन देशी पाद्र्यांना गुंतवलं. गोमेस, बुर्गोस आणि सामोरा. देशी पाद्र्यांनाही स्पॅनिश पाद्र्यांच्या बरोबरीनं चर्चचा कारभार मिळावा, ही मागणी त्यांना भोवली. १७ फेब्रुवारी १८७२ रोजी मनिलात भर मैदानात त्यांना गळ्याभोवतालचं लोखंडी कडं आवळून मारण्यात आलं. होसेचा थोरला भाऊ पासियानो शिक्षणासाठी याच फादर बुर्गोस यांच्याकडे राहत होता. त्यामुळे पासियानो मेर्कादो हे नाव पोलिसांच्या डोळ्यांत आलं.

चार महिन्यांनी होसेला मनिलाच्या जेझुइट शाळेत घालायची वेळ आली. घरातला कर्ता भाऊ म्हणून पासियानोनं एक गोष्ट ठरवली. या पोरानं शाळेत मेर्कादो लावायचं नाही, रिझाल लावायचं. सरकारनं दिलेलं आणि घरानं अडगळीत टाकलेलं ते नाव तेवीस वर्षांनी कामाला आलं. भाऊ एका नावाचा, धाकटा दुसऱ्या नावाचा. आपण त्या घरातले अनौरस असल्यासारखे दिसत होतो, असं पुढे रिझाल यांनी ऑस्ट्रियन स्नेही फर्डिनांड ब्लुमेंट्रिट यांना कळवलं होतं. अकरा वर्षांच्या मुलाला ते किती लागलं असेल!

पण मुलगा हुशार निघाला. शाळेत पदकं, कवितांना बक्षिसं. रिझाल हे नाव मनिलात ऐकू येऊ लागलं. ते इतकं ऐकू येऊ लागलं, की १८८२ मध्ये तो वैद्यकीच्या पुढच्या शिक्षणासाठी गुपचूप स्पेनला निघाला तेव्हा आसऱ्याचं नाव उलटं झालं. ३ मे रोजी बोटीवर चढलेल्या त्या तरुणाच्या पासपोर्टावर होसे मेर्कादो असं लिहिलेलं होतं. दहा वर्षांपूर्वी जे लपवलं, त्याच्याच आड आता लपायची पाळी आली.

दफनाला नकार

माद्रिदमध्ये रिझाल वैद्यक शिकले. आईची दृष्टी अधू होत चालली होती, म्हणून पॅरिस आणि हायडेलबर्ग इथल्या नामांकित डॉक्टरांच्या हाताखाली त्यांनी नेत्रचिकित्सेचं काम शिकून घेतलं. पोटाला चिमटा घेऊन १८८७ मध्ये बर्लिनला त्यांनी आपली पहिली कादंबरी छापली. छपाईचे पैसे एका मित्रानं उसने दिले. तिचं नाव नोली मे तांगेरे. फिलिपिन्समधल्या पाद्र्यांची सत्ता तिनं उघडी पाडली. नायकाच्या वडिलांचं प्रेत ख्रिस्ती कबरस्तानातून उकरून काढलं जातं, असा एक प्रसंग तिच्यात आहे. दोनच वर्षांनी तसाच घाला रिझाल यांच्या घरावर आला. १८८९ मध्ये त्यांचे मेहुणे, बहीण लुसियाचे पती, पटकीनं गेले आणि पाद्र्यांनी त्यांना चर्चच्या कबरस्तानात जागा नाकारली. वहीत नाव घालण्याचा अधिकार ज्याच्याकडे, त्याच्याकडेच ते न घालण्याचाही.

त्याच काळात रिझाल लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये बसून एक जुना ग्रंथ हातानं उतरवून घेत होते. अंतोनियो दे मोर्गा या स्पॅनिश अधिकाऱ्यानं लिहिलेला तो फिलिपिन्सचा वृत्तांत १६०९ मध्ये मेक्सिकोत छापला होता. रिझाल यांनी त्याला आपल्या टिपा जोडल्या आणि पॅरिसहून तो पुन्हा प्रसिद्ध केला. स्पॅनिश येण्याआधी आपल्या लोकांना त्यांची भाषा होती, लिपी होती, व्यापार होता, हे त्यांना दाखवायचं होतं. माझ्या वसईच्या मित्रानं न विचारलेला प्रश्नच जणू हा माणूस एका अख्ख्या देशाच्या वतीनं विचारत होता. वहीच्या पहिल्या पानाआधी काय होतं?

इकडे कलांबात दोमिनिकन जमीनदार आणि कुळं यांचा वाद पेटला. खंडाच्या जाचाविरुद्ध कुळं कोर्टात गेली आणि मेर्कादो कुटुंब त्यांत पुढे होतं. १८९० आणि १८९१ मध्ये सैन्य आणून घरं पाडली गेली आणि माणसं बाहेर काढली गेली. पासियानो आणि मेहुणे यांना मिंदोरो बेटावर हद्दपार केलं गेलं. वृद्ध आईवडील बेघर झाले.

आणि १८९१ च्या अखेरीस आईला दुसऱ्यांदा अटक झाली. गुन्हा काय, तर तिनं आपलं नाव रेआलोंदा दे रिझाल असं न सांगता नुसतं तेओदोरा आलोन्सो असं सांगितलं! सरकारी यादीतलं आडनाव न लावणं म्हणजे राजद्रोह ठरला. वीस वर्षांपूर्वीच्याच त्या सांता क्रूसच्या रस्त्यानं, साठी उलटलेल्या आणि डोळ्यांनी अधू झालेल्या त्या माउलीला पुन्हा पायी चालवण्यात आलं. तिथे गव्हर्नरलाच लाज वाटली असावी. त्यानं तिला सोडून दिलं. पुढे ती हाँगकाँगला मुलाकडे गेली. रिझाल तिथे डॉक्टरी करत होते. ज्या डोळ्यांसाठी ते ही विद्या शिकले होते, ते डोळे त्यांच्या हाती आले.

आपलं सगळं कुटुंब आता मेर्कादोऐवजी रिझाल हेच नाव लावतं, कारण त्या नावाचा अर्थ छळ असा झाला आहे, असंही त्यांनी ब्लुमेंट्रिट यांना कळवलं होतं. त्या कळवण्यात कडवटपणा कमी आणि अभिमान जास्त होता. यादीतून मिळालेलं ते नाव अशा रीतीनं घरानं मनापासून घेतलं. पाठीवर वळ उठले तेव्हा ते आपलं झालं.

न लिहिलेलं पान

जून १८९२ मध्ये सगळ्यांचा सल्ला डावलून रिझाल मायदेशी परतले. ३ जुलैला त्यांनी ला लिगा फिलिपिना ही सुधारणावादी संघटना काढली आणि चारच दिवसांत सरकारनं त्यांना पकडून दूर दक्षिणेला दापितान इथे स्थानबद्ध केलं. चार वर्षं ते तिथे राहिले. लॉटरीत मिळालेल्या पैशातून जमीन घेतली, मुलांची शाळा काढली, गावाला पाण्याचा पुरवठा करून दिला, गरिबांचे डोळे फुकट तपासले. १८९५ मध्ये आपल्या अंध पालकपित्याला उपचारासाठी घेऊन हाँगकाँगहून जोसेफीन ब्रॅकन ही तरुणी आली आणि दोघांचं मन जडलं. लग्न करायचं तर चर्चच्या वहीतच व्हायला हवं, कारण दुसरी वहीच नव्हती. पाद्र्यांनी अट घातली, की आधी धर्माविरुद्ध लिहिलेलं सगळं मागे घ्या. रिझाल यांनी ते केलं नाही. लग्नाची नोंद न होताच दोघं एकत्र राहू लागली. त्यांना झालेलं मूल जगलं नाही.

इकडे मनिलात आंद्रेस बोनिफासियो या माणसानं कातिपुनान ही गुप्त क्रांतिकारक संघटना उभी केली होती. सशस्त्र उठावाला रिझाल यांची संमती नव्हती. पण संघटनेच्या वरच्या पायरीवरच्या सभासदांनी एकमेकांना ओळखण्याचा परवलीचा शब्द होता रिझाल. कर गोळा करण्यासाठी जी यादी छापली, तिच्या काळात दिलेलं एक नाव आता अंधारात कुजबुजलं जाऊ लागलं. ऑगस्ट १८९६ मध्ये उठाव झाला आणि त्या नावाच्या धन्याला पकडून मनिलाच्या किल्ल्यात आणलं गेलं. भावाविरुद्धच्या जबाबावर सही करावी म्हणून पासियानोचा अमानुष छळ झाला. त्यानं सही केली नाही. चोवीस वर्षांपूर्वी ज्यानं धाकट्याला नाव दिलं, त्यानं आता त्याच्यासाठी स्वतःचं नाव कागदावर उमटू दिलं नाही.

२६ डिसेंबरला लष्करी न्यायालय भरलं आणि मृत्युदंड ठरला. शिक्षेचा कागद समोर आला तेव्हा त्यात आपल्याला चिनी मिश्र वंशाचा म्हटलेलं रिझाल यांना रुचलं नाही. आपण निव्वळ देशी आहोत, असं त्यांनी नोंदवल्याचं सांगतात. लाम-कोच्या बाप्तिस्म्याचं पान त्यांच्याविरुद्ध साक्ष देईल. पण पाच पिढ्या त्या मातीत नांगर धरल्यावर माणूस कुठला म्हणायचा, हे ठरवण्याचा हक्क कुणाचा?

३० डिसेंबर १८९६ च्या सकाळी सात वाजता मनिलाच्या बागुंबायान मैदानावर त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. वय अवघं पस्तीस. रविवारी नाव मिळालं तेव्हा लाम-कोही पस्तीसच वर्षांचा होता. सहाच महिन्यांनी आपल्याकडे पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली आणि त्याच वर्षी लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला चालला. एकमेकांची ओळख नसलेल्या दोन देशांतले ते एकाच काळाचे पडसाद होते.

मरणाच्या आदल्या रात्री रिझाल यांनी आपलं लिखाण मागे घेतलं आणि पहाटे जोसेफीनशी धर्मविधीनं लग्न केलं, असं चर्चचं म्हणणं. माघारीचा कागद १९३५ मध्ये चर्चच्या दप्तरात सापडला. तो खरा की बनावट, यावर तिथले इतिहासकार अजूनही भांडतात. चरित्रकार राफाएल पाल्मा यांनी या वादात एका वहीकडे बोट दाखवलं आहे. ती पाको कबरस्तानाची दफनवही. त्या दिवशी पुरलेल्या इतर माणसांच्या पानावर रिझाल यांचं नाव नाही. सरकारी हुकमानं पुरलेल्यांच्या वेगळ्या पानावर ते आहे. ओळख न पटलेला, भाजून मेलेला एक माणूस आणि आत्महत्या केलेला एक माणूस, या दोघांच्या मध्ये. ते धर्मात परतले असते, तर त्यांना अशा पानावर कोण घालता, असा पाल्मा यांचा सवाल.

प्रेत शवपेटीशिवाय पुरलं होतं आणि वर खूण नव्हती. बहीण नार्सिसा कबरस्तानं पालथी घालत पाकोला पोचली. ताजी माती आणि पहाऱ्यावरचे शिपाई पाहून तिनं जागा ओळखली. रखवालदाराला काही देऊन तिनं तिथे एक लहानसा दगड बसवून घेतला. त्यावर तीन अक्षरं होती. भावाच्या नावाची आद्याक्षरं, पण उलट्या क्रमानं, म्हणजे कुणाला कळू नये. लपवण्याची ही त्या घराण्याची शेवटची वेळ. दीड वर्षानं, ऑगस्ट १८९८ मध्ये, स्पॅनिश सत्ता गेल्यावर अस्थी बाहेर काढल्या गेल्या. १९१२ पासून त्या त्याच मैदानावरच्या स्मारकाखाली आहेत.

१९०१ मध्ये मनिलाशेजारच्या एका प्रांताला रिझाल हे नाव मिळालं. आज गावोगावचे चौक, रस्ते, शाळा त्या नावाच्या आहेत. रिझाल यांचं स्वतःचं मूल जगलं नाही. पण बुडखा तोडल्यावरही जे फुटून येतं, तसं ते नाव देशभर फुटून आलं. क्लाव्हेरियांची यादी अजूनही अभ्यासकांच्या कामाला येते आणि फिलिपिन्सच्या चर्चमधल्या कितीतरी वह्यांची आता मायक्रोफिल्म झाली आहे. परदेशी गेलेली नातवंडं त्यांत आपले पणजोबा शोधत असतात. बहुतेकांना १८४९ शी येऊन थांबावं लागतं.

माझ्या मित्रानं ही सारी हकिगत ऐकून घेतली. वसई स्टेशन आल्यावर त्यानं खिशातला दाखला काढला, उलगडून आपलं नाव पुन्हा एकदा वाचलं आणि जपून घडी घालून आत ठेवला. मग म्हणाला, की घरी गेल्यावर मुलाला हा कागद दाखवायचा आणि आजोबांनी भाताची खाचरं कशी राखली, तेही सांगायचं. वहीत त्याला रकाना नव्हता.